एक्सबॉक्स कोणाकडे आहे?

२३ ऑक्टोबर २०२५, गुरुवार, भाऊबीज

दुपारी ताईकडे हडपसरला. ओवाळून झालं, जेवणं झाली आणि भाच्याने विषय काढला. नोकरीतला पहिला दिवाळी बोनस हातात आलाय आणि त्याला कन्सोल घ्यायचाय. सोनीचा पीएस फाइव्ह की मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स, एवढंच ठरायचं बाकी. दाजींचं म्हणणं, मोबाइलवर सगळे खेळ फुकट मिळत असताना एवढे पैसे घालायचे कशाला? ताई म्हणाली, पैसे त्याचे आहेत, त्याला ठरवू दे.

"मामा, तुझ्याकडे एक्सबॉक्स होता ना?"

होता. एक्सबॉक्स ३६०. कितीतरी रात्री त्याच्यासमोर काढल्या. त्यामुळे एक्सबॉक्सच्या बाजूने जे जे सांगण्यासारखं होतं ते मी मनापासून सांगितलं. सीरीज एस हे त्यातलं लहान आणि स्वस्त मशीन. गेम पासची वर्गणी भरली की शेकडो खेळ उघडतात. सीरीज एक्स घेतलं तर ३६०च्या जमान्यातल्या कितीतरी डिस्क आजही त्यात चालतात. जुन्या गिऱ्हाइकाच्या कपाटातल्या डिस्कचा एवढा मान दुसऱ्या कुठल्याच कंपनीने ठेवलेला नाही, हे मी आजही ठासून सांगेन.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण मामा, एक्सबॉक्स कोणाकडे आहे?"

त्याच्या कॉलेजच्या ग्रुपमध्ये, ऑफिसात, सोसायटीत, ज्यांच्याकडे म्हणून कन्सोल आहे त्या सगळ्यांकडे पीएस. मी आठवून पाहिलं. माझ्याही ओळखीत ३६० नंतर एक्सबॉक्स घेतलेलं घर चटकन नजरेसमोर येईना. मशीन तर कुठेच कमी नाही. मग पुण्यात ते रुजलं का नाही? डोक्यात बसलंय. पुढचे काही दिवस जे दिसेल, आठवेल ते लिहून ठेवायचं ठरवलं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी उठल्यावर पहिली बातमी हीच. 'हेलो' पुढच्या वर्षी पीएस फाइव्हवर येतोय. पहिला 'हेलो' नव्याने घडवून २०२६ मध्ये काढणार आणि तो सोनीच्या मशीनवरही चालणार.

न खेळणाऱ्याला याचं वजन कळायचं नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकेत पहिला एक्सबॉक्स आला तो 'हेलो' सोबत घेऊन. लोकांनी 'हेलो'साठी ते अवजड काळं धूड विकत घेतलं. चोवीस वर्षं हा खेळ सोनीच्या यंत्रावर आला नव्हता. या वर्षी एप्रिलमध्ये 'फोर्झा होरायझन ५' गेला, ऑगस्टमध्ये 'गिअर्स ऑफ वॉर' गेला, आता हा. घरातली तिन्ही मोठी नावं शेजाऱ्याकडे पोचली.

मला याचा राग आला नाही. कंपनीने खेळ तयार करायला पैसे ओतलेत, ते जिथे गिऱ्हाईक आहे तिथेच वसूल होणार. पण भाच्याच्या जागी बसून पाहिलं तर हिशोब सरळ आहे. पीएस घेतला तर 'गॉड ऑफ वॉर', 'स्पायडर-मॅन' मिळतात आणि वर 'हेलो', 'फोर्झा'ही मिळतात. एक्सबॉक्स घेतला तर सोनीच्या घरचे ते दोन मिळत नाहीत. दोन दुकानांपैकी एकात दोन्ही दुकानांचा माल मिळत असेल तर गिऱ्हाईक कुठे जाईल?

३० ऑक्टोबर, गुरुवार

मायक्रोसॉफ्टचे तिमाही आकडे आले. जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत एक्सबॉक्स यंत्रांपासूनचं उत्पन्न गेल्या वर्षीच्या याच तिमाहीपेक्षा २९ टक्क्यांनी घटलं. किती यंत्रं विकली हा आकडा ते २०१५ पासून सांगतच नाहीत. टक्के तेवढे सांगतात.

१ नोव्हेंबर, शनिवार

आज भाच्याला घेऊन तपकीर गल्लीत गेलो. दिवाळीनंतर गल्ली आता कुठे पूर्ण उघडली आहे. वायर, सीसीटीव्ही, चार्जर, स्पीकर यांच्या माळांखालून वाट काढत एका दुकानात शिरलो. तिथे काचेच्या कपाटात पीएस फोर, पीएस फाइव्ह आणि डिस्कची निळी पाकिटं खच्चून भरलेली. हिरवं पाकीट एकही नाही.

एक्सबॉक्सचं विचारलं तर मालक म्हणाले, "ठेवत नाही साहेब. मशीन कधी येईल ते सांगता येत नाही. मशीन आलं तर डिस्क येत नाहीत. आणि गिऱ्हाइकाने परत आणून विकलं तर मी ते पुढे कोणाला देऊ?"

त्यांचं शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं होतं. त्यावर आम्ही तिथे उभ्या उभ्या बराच वेळ बोललो.

पीएस फाइव्हचा नवा मोठा खेळ ४,९९९ रुपयांना मिळतो. पुण्यातला पगारदार मुलगा दर महिन्याला पाच हजारांचा खेळ घेत नाही. तो एक घेतो, दोन-तीन आठवड्यांत संपवतो, लगेच विकतो. नवा असताना विकला तर बरेचसे पैसे परत येतात, त्यात थोडी भर घालून पुढचा घेतो. किंवा मित्राशी अदलाबदल करतो. अप्पा बळवंत चौकात दहावीची पुस्तकं विकून अकरावीची घेणारी मुलं जशी पिढ्यान्‌पिढ्या शिकली, तशीच ही मुलं खेळतात. छापील किंमत ४,९९९ असली तरी खेळण्याची खरी किंमत हजार-दीड हजार पडते. दुकानदाराला दोन्ही वेळी चार पैसे सुटतात, म्हणून तो डिस्क ठेवतो. डिस्क असतात म्हणून मशीन विकलं जातं.

आता या चक्रात एक्सबॉक्स सीरीज एस ठेवून पाहा. सगळ्यात स्वस्त म्हणून ज्याची जाहिरात झाली त्या मशीनला डिस्क घालायची फटच नाही. खेळ विकत घेतला की तो तुमच्या खात्याला कायमचा चिकटला. मित्राला द्यायचा नाही, दुकानात विकायचा नाही. मशीन घेताना वाचलेले दहा-पंधरा हजार खेळ घेताना हळूहळू निघून जातात. गेम पास हे त्यावरचं उत्तर आहे आणि उत्तर चांगलं आहे. पण ते दुकानदाराच्या हाती काहीच पडू देत नाही. ज्याच्या हाती काही पडत नाही तो काउंटरवर तुमची बाजू का मांडेल?

दुरुस्तीचंही तेच. मालकांनी आतल्या बाकाकडे बोट दाखवलं. तिथे एक मुलगा पीएसच्या रिमोटची काडी बदलत बसला होता. (कंट्रोलर म्हणणारा या गल्लीत कोणी भेटला नाही. रिमोटच.) काडी आपोआप सरकायला लागली, पात्र न हलवता चालायला लागलं, की शंभरातले नव्वद जण इथे येतात. पीएसचे सुटे भाग पिशवी भरून पडलेले. एक्सबॉक्सचे मागवावे लागतात.

निघताना भाच्याने वन एक्स, सीरीज एक्स, वन एस, सीरीज एस यांतला फरक मला परत एकदा विचारला. तो कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. त्याची ही गत, तर नातवाला भेट घ्यायला आलेल्या आजोबांनी काय करावं? पीएसवर थ्री, फोर, फाइव्ह असे आकडे आहेत. चार कळतं, पाच कळतं. नावाच्या गोंधळाने मशीन बुडाल्याचा दाखला निन्टेन्डोच्या घरी आहे. वी हे यंत्र दहा कोटींवर खपलं. त्याच्या मागून वी यू आलं, आणि ते नवं यंत्र आहे की जुन्याला जोडायचं काही सामान आहे, हेच कितीतरी लोकांना उमगलं नाही. ते १ कोटी ३५ लाखांवर थांबलं.

२ नोव्हेंबर, रविवार

कालच्या बोलण्यावरून जुनं आठवत राहिलं.

आमच्या लहानपणी घरात आलेल्या त्या डब्याला कन्सोल म्हणत नव्हते, 'व्हिडिओ गेम' म्हणत. निन्टेन्डोच्या यंत्राची तैवान-चीनकडून आलेली नक्कल. पिवळी किंवा काळी कॅसेट, तिच्यावर लाखांत खेळ असल्याचा दावा आणि प्रत्यक्षात मारिओ, कॉन्ट्रा, बदकं मारायचा खेळ असे मोजके. उन्हाळ्याच्या सुट्टीत कॅसेटची देवघेव वाड्यावाड्यांत चाले. त्याच वेळी, १९९५ मध्ये, सेगाने आपलं मेगा ड्राइव्ह हे खरं, अस्सल यंत्र शॉ वॉलेस कंपनीमार्फत भारतात आणलं होतं. आयात शुल्क ८० टक्के होतं, त्यातून वाट काढायला हा करार. तरीही किंमत १८,००० रुपये. त्या काळात आमच्या घरी कोणाचा तेवढा महिन्याचा पगारही नव्हता. सेगाचं यंत्र सरस होतं यात शंका नाही. पण त्याची कॅसेट शेजारी नव्हती, गल्लीत नव्हती. ते मी कधी पाहिलंच नाही.

मग पीएस टू. पुण्यात त्याची लाट पार्लरमधून आली. कॉलेजच्या आसपास एखाद्या गाळ्यात पाच-सहा टीव्ही, प्रत्येकाखाली एक पीएस टू, तासावर पैसे. 'गॉड ऑफ वॉर' आणि 'जीटीए' आमच्या पिढीला तिथे भेटले. बहुतेक यंत्रांना चिप मारलेली असे आणि सीडी रस्त्यावरची असे, हे खरं आहे आणि ते लिहायला हवं. सोनीचं त्यात नुकसान झालं. पण एका पिढीच्या हातांना त्या रिमोटचं वळण लागलं, ते पुढे कोणाला मोडता आलं नाही.

सोनी तेवढ्यावर थांबली नाही, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. २००९ मध्ये हैदराबादमध्ये तयार झालेला 'हनुमान : बॉय वॉरियर' त्यांनी पीएस टूवर आणला. त्याच वर्षी 'देसी अड्डा' आला, त्यात कबड्डी होती, विटीदांडू होता. पुढच्या वर्षी मुंबईत घडलेला गल्ली क्रिकेटचा 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स'. खेळ म्हणून ते फार भारी नव्हते. पण जगात पीएस थ्री येऊन तीन वर्षं झाली होती, तेव्हाही सोनी भारतात पीएस टू स्वस्तात विकत होती आणि त्यावर आपल्याकडचे खेळ काढत होती. जुनं, परवडणारं यंत्र इथे अजून तरुण आहे हे त्यांनी ओळखलं होतं.

मायक्रोसॉफ्टनेही सुरुवातीला पैसा कमी ओतला नव्हता. सप्टेंबर २००६ मध्ये, म्हणजे पीएस थ्रीच्या आधी, ३६० भारतात आला. अक्षय कुमार आणि युवराज सिंग जाहिरातीत होते. ब्रायन लाराच्या नावाचा क्रिकेटचा खेळ भारतात युवराजच्या नावाने विकला गेला. पीएस थ्री एप्रिल २००७ मध्ये आला तो ३९,९९० रुपयांना, ३६० त्याच्यापेक्षा कितीतरी स्वस्त होता. माझ्या घरी ३६० आला तो यामुळेच. त्या काळात पुण्यात एक्सबॉक्सवाले आणि पीएसवाले असे दोन तट खरोखर होते, कट्ट्यावर भांडणं व्हायची. त्यात लाल दिव्यांचं दुखणं आलं. यंत्र तापून बंद पडे आणि बटणाभोवती तीन लाल दिवे लागत. २००७ मध्ये कंपनीने वॉरंटी वाढवून तीन वर्षांची केली आणि त्यापायी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. एवढं होऊनही ३६० टिकला. म्हणजे यंत्राच्या दोषाने ही कंपनी हरली नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार, त्रिपुरी पौर्णिमा

हरली ती २०१३ मध्ये. आज सलग बसून त्या वर्षाच्या बातम्या पुन्हा वाचल्या.

२१ मे २०१३ ला एक्सबॉक्स वन जगासमोर आला. कार्यक्रमाचा मोठा भाग टीव्ही बघण्यावर खर्च झाला. मग अटी कळल्या. यंत्राने चोवीस तासांतून एकदा इंटरनेटला जोडून हजेरी लावायची, नाहीतर खेळ बंद. डिस्क मित्राला द्यायची तर ती एकदाच, तीही तो मित्र तुमच्या यादीत तीस दिवस असेल तर. जुन्या डिस्कचा व्यवहार खेळ काढणाऱ्या कंपन्यांच्या मर्जीवर आणि ठरावीक दुकानांतच. शिवाय किनेक्ट हा कॅमेरा सोबत घ्यावाच लागणार.

१० जूनला लॉस एंजेलिसमध्ये किंमत जाहीर झाली, ४९९ डॉलर. त्याच दिवशी सोनीने पीएस फोर ३९९ ला देऊ असं सांगितलं आणि एक चिमुकली चित्रफीत काढली. पीएस फोरचा खेळ मित्राला कसा द्यायचा? एक माणूस दुसऱ्याच्या हातात डिस्क देतो. संपलं. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने त्या अटी मागे घेतल्या. पण गेलेली पत महिनाभरात परत येत नाही.

या अटी ज्यांनी लिहिल्या त्यांच्या डोळ्यांसमोर २०१३ चं पुणं असणं शक्यच नव्हतं. तेव्हा घरोघरी इंटरनेट होतं ते ठरावीक जीबीपर्यंत वेगात आणि मग मुंगीच्या पावलांनी. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाणार हे गृहीत. आणि ज्या देवघेवीवर पुण्यातला सगळा खेळ चालतो, तिच्यावरच कात्री. किनेक्टचं तर बोलायलाच नको. ३६०च्या किनेक्टला एका माणसासाठी सहा फूट आणि दोघांसाठी आठ फूट मोकळी जागा लागायची. कोथरूडच्या वन बीएचकेमध्ये दिवाण, टीपॉय आणि शिवणयंत्र हलवल्याशिवाय आठ फूट निघत नाहीत. आम्ही एकदा मित्राकडे हलवून पाहिलं होतं, खूप मजा आली. पण रोज कोण हलवणार?

आणि मग भारताची तारीख. पीएस फोर जानेवारी २०१४ मध्ये ३९,९९० रुपयांना आला. एक्सबॉक्स वन आला २३ सप्टेंबरला. किनेक्टशिवाय तेच ३९,९९०, किनेक्टसह ४५,९९०. आणि विक्री फक्त ॲमेझॉनवर. ही शेवटची ओळ मला सगळ्यात जास्त खटकते. ज्या दुकानदारांनी ३६०च्या हिरव्या पाट्या लावल्या होत्या, ज्यांनी गिऱ्हाइकाला समोर बसवून 'फोर्झा' खेळायला दिला होता, त्यांना एका घोषणेत बाजूला केलं. ते मधल्या नऊ महिन्यांत पीएस फोर विकत होतेच. त्यांनी तेच चालू ठेवलं. भाच्याच्या पिढीने दुकानात पाहिलं ते निळंच.

पुढे २०२३ मध्ये एक्सबॉक्सचे प्रमुख फिल स्पेन्सर एका मुलाखतीत उघडपणे म्हणाले की, हरायला सगळ्यात वाईट पिढी कोणती असेल तर ती एक्सबॉक्स वनची आणि नेमकी तीच आपण हरलो, कारण लोकांनी आपापल्या खेळांचा डिजिटल संग्रह तेव्हा उभा केला. जगासाठी हे खरंच आहे. पीएस फोर ११ कोटी ७० लाखांवर गेला आणि त्याने एक्सबॉक्स वनच्या दुपटीहून जास्त विक्री केली, हे मायक्रोसॉफ्टने ब्राझीलमधल्या कागदपत्रांत २०२२ मध्ये मान्य केलं. पुण्यासाठी मी त्यात एवढंच घालीन की इथे तो संग्रह डिस्कचाही होता. तपकीर गल्लीतल्या त्या कपाटातल्या निम्म्या डिस्क पीएस फोरच्या आहेत आणि जवळपास सगळ्या पीएस फाइव्हमध्ये चालतात. दहा वर्षांत साठलेली ती शिदोरी प्रत्येक नव्या पीएस फाइव्हवाल्याला आयती मिळते.

रात्र झाली. ओंकारेश्वराकडे दिवे लागले असतील, आज जायचं राहिलं.

९ नोव्हेंबर, रविवार

दाजींचा फोन. "पन्नास हजारांत एवढं काय असतं?" त्यांना कराचा हिशोब सांगितला, तो इथेही टिपून ठेवतो. २०१८ च्या अर्थसंकल्पात कन्सोलवरचं मूळ सीमाशुल्क १० टक्क्यांवरून २० वर गेलं. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे एकूण २२. जीएसटी आधी २८ टक्के होता, १ जानेवारी २०१९ पासून १८ झाला. शंभर रुपयांचं यंत्र बंदरावर १२२ चं होतं आणि जीएसटी धरून १४४ चं. यात वाहतूक नाही, दुकानदाराचा नफा नाही.

कर दोघांनाही सारखाच, पण मार जास्त बसतो तो स्वस्ताईवर उभ्या असलेल्याला. अमेरिकेत सीरीज एस २९९ डॉलरला आली, पीएस फाइव्ह ४९९ ला. इथे १० नोव्हेंबर २०२० ला सीरीज एस ३४,९९० ला आली. स्वस्त यंत्राची खरी गंमत वीस हजारांच्या आसपास असते, पस्तिसात ती उरत नाही. पस्तीस हजार घालणारा माणूस आणखी थोडे दिवस थांबून पन्नास जमवतो. आणि लोक थांबले. पीएस फाइव्ह भारतात तीन महिने उशिरा, २ फेब्रुवारी २०२१ ला आला. तरी १२ जानेवारीला नोंदणी उघडताच काही मिनिटांत माल संपला. तीन महिने रिकामं मैदान मिळूनही एक्सबॉक्सला ते मारता आलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सोनीचा आकडा आला. सप्टेंबरअखेर पीएस फाइव्ह ८ कोटी ४२ लाख. निन्टेन्डोचा स्विच टू जूनमध्ये आला आणि सप्टेंबरअखेर १ कोटी ३ लाखांच्या वर गेला.

एक्सबॉक्सचीही या महिन्यात एक बातमी आहे आणि मला ती महत्त्वाची वाटते. क्लाउडवरून खेळायची सोय भारतात सुरू झाली. मशीन नको, टीव्ही किंवा मोबाइल पुरे, खेळ दूरच्या सर्व्हरवर चालतो आणि चित्र तेवढं आपल्याकडे येतं. गेल्या वर्षीपासून त्यांची जाहिरातही हीच आहे, टीव्ही हा एक्सबॉक्स, फोन हा एक्सबॉक्स. कराचं ओझं, दुकान, दुरुस्ती हे सगळे प्रश्न एका फटक्यात संपवायचा हा मार्ग आहे, आणि आपल्यासारख्या देशात तो खरंच चालू शकतो. पण ऑक्टोबरमध्ये गेम पास अल्टिमेटची वर्गणी महिना ८२९ वरून १,३८९ रुपये झाली. वर्षाचे साडेसोळा हजार. वर्गणी थांबली की हातात काही नाही. हाच निरोप दोन वर्षांपूर्वी, जुन्या दरात आला असता तर भाच्यासारखी कितीतरी मुलं आज एक्सबॉक्सच्या खात्यावर असती.

१६ नोव्हेंबर, रविवार

दाजींचा मोबाइलचा मुद्दा मला झटकून टाकायचा नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि खेळ खिशात गेले. दोन्ही कन्सोलांचा इथला मोठा प्रतिस्पर्धी तोच. पुण्यातली सुपरगेमिंग ही कंपनी 'मास्कगन', 'इंडस' करते ते मोबाइलसाठीच, आणि धंदा म्हणून ते बरोबर आहे.

पण याच गावात नॉडिंग हेड्स गेम्स आहे. त्यांनी २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला, तरी काम सोडलं नाही. १८ ऑगस्ट २०२० ला 'राजी : ॲन एन्शंट एपिक' आला. धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघालेली बहीण, राजस्थानी महाल, पहाडी शैलीची चित्रं. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम खेळांच्या यादीत त्याचं नाव होतं. आणि तो सगळ्यात आधी आला कुठे? निन्टेन्डो स्विचवर. जे यंत्र निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विकतच नाही. पुण्यात घडलेला खेळ पुण्याच्या मुलाने बाहेरून आणलेल्या, वॉरंटी नसलेल्या यंत्रावर खेळायचा, नाहीतर दोन महिने थांबून पीएस, एक्सबॉक्स किंवा कॉम्प्युटरवर. युबिसॉफ्टचा स्टुडिओही इथे २००८ पासून आहे. हात आणि डोकी पुण्याची, यंत्रांची बाजारपेठ म्हणून मात्र पुणं कोणाच्या फारसं खिजगणतीत नाही. सोनीने २०२३ मध्ये 'इंडिया हीरो प्रोजेक्ट' काढून भारतीय खेळांना हात दिला, तेव्हा मला बरं वाटलं. खेळ घडवणाऱ्यांजवळ जाऊन उभं राहणं जाहिरातीपेक्षा फार मोठं काम आहे. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीने, जिची हैदराबादेत एवढी मोठी वसाहत आहे, तिने इथे हात आखडता घ्यावा याचं मला मनापासून वाईट वाटतं. जूनमध्ये त्यांनी एएमडीबरोबर पुढच्या यंत्राचा करार जाहीर केलाय. ते यंत्र आलं तर त्याला डिस्कची फट असावी, ते पहिल्याच आठवड्यात तपकीर गल्लीच्या काउंटरवर यावं, आणि त्याचे सुटे भाग त्या बाकावरच्या मुलाला मिळावेत. दोनच कंपन्यांतली चुरस संपली तर किमती कोण खाली आणणार?

२२ नोव्हेंबर, शनिवार

भाच्याने पीएस फाइव्ह घेतला. डिस्कची फट असलेला. दाजी स्वतः सोबत आले, बिल आणि वॉरंटीचा कागद त्यांनीच नीट घडी करून ठेवला. यंत्राबरोबर नवा खेळ त्याने एकही घेतला नाही. 'गॉड ऑफ वॉर : रॅग्नारॉक' कॉलेजच्या मित्राकडून आलाय, 'स्पायडर-मॅन २' त्याच दुकानातून सेकंडहँड.

संध्याकाळी ग्रुपवर वाटणी सुरू होती, पुढच्या वर्षी कोणी कोणती डिस्क घ्यायची. 'जीटीए सिक्स' आता पुढे ढकलून १९ नोव्हेंबर २०२६ केलाय. त्याची डिस्क एकाने घेऊन भागणार नाही, ती प्रत्येकाला हवी, यावर सगळ्यांचं एकमत. बाकीच्या चार खेळांसाठी चार नावं लिहून झाली. 'हेलो' भाच्याने स्वतःकडे घेतला, मला आधी खेळायला देणार म्हणतो.